खाशुरी यार्ड, वॅगन ५३७५८२२३

ओतियाचा हातोडा लांब दांड्याचा.
चाकावर मारायचा, कान द्यायचा.
खणखणीत वाजलं तर पुढचं चाक,
बद्द वाजलं तर खडूची फुली
आणि वॅगन बाजूच्या रुळावर.
एकतीस वर्षं हेच.

मी केबिनमध्ये आकडे उतरवून घ्यायची.
नोव्हेंबरात, चियातुराचं मॅंगनीज घेऊन,
ती आली: ५३७५८२२३.
पाचाने सुरू, म्हणजे खाजगी मालकाची.
शेवटचा तीन नुसता साक्षीदार;
आधीच्या सातांत एकाआड एक दुप्पट करा,
अंक अंक मिळवा, सत्तावीस भरतात,
तिसाला तीन कमी. म्हणून तीन.
एवढं माझ्या नोकरीत येतं.

ओतिया दारात, मिशीवर बर्फ.
“लामारा, पाच कोटी सदतीस लाख
अठ्ठावन्न हजार दोनशे तेवीस.
याला तडा नसणार. बघू.”

दोनाने मारलं. विषम. खण्ण.
तीनाने: अंकांची बेरीज पस्तीस. खण्ण.
पाचाने नाही, हे आंधळ्यालाही दिसतं.
साताने एक उरला,
अकराने दोन,
तेराने बारा, म्हणजे एकाने हुकला.

रात्री सात-आठ मूळसंख्या, त्याहून जास्त नाही.
बाकी तो विसांत मोजायचा, आमच्याकडे मोजतात तशी:
तीन विसा, चार विसा, चार विसा आणि सतरा.
त्याचा चहा निवायचा.
वॅगन केव्हाच पोती बंदराला गेली होती,
आकडा इथे राहिला होता.

“कुठवर मारत जाणार?”
“आवाज बदलेपर्यंत.”

वाटलं, निदान थांबायचं कुठे ते तरी सांगावं.
तो गेल्यावर मण्यांची चौकट घेऊन
वर्गमूळ काढायला बसले.
सात हजार तीनशे बत्तीस.
वर्ग जरा जास्त भरत होता.
किती जास्त?
एक.

एक घातला की वर्ग पुरा होतो
असा आकडा आपण होऊन उकलतो,
मुळाच्या एक अलीकडे, एक पलीकडे:
७३३१ आणि ७३३३.
जुळे, दोघेही मूळ.
शेपटी छाटा: ७३३. पुन्हा छाटा: ७३. पुन्हा: ७.
छाटत गेलं तरी कुठे फुटत नाहीत.

वहीच्या समासात लिहिलं:
विषम. संयुक्त. मूळ अवयव दोनच.
भाजक चार; स्वतःला वगळून मिळवले तर
चौदा हजार सहाशे पासष्ट,
पाच कोटींपुढे चिल्लर,
म्हणून न्यून.
हा शब्द मला आवडला नाही, पण नाव तेच आहे.
चाराने भागून तीन उरतात,
तेव्हा कुठल्याही दोन वर्गांची बेरीज नव्हे.
खाली बारीक: ७३३२, वजा एक.

सांगितलं नाही.
सकाळी सांगू म्हटलं, सकाळी पाळी संपते.
नाताळात सांगू म्हटलं, तेव्हा तो
अडीच हजारांच्या आसपास होता आणि खुशीत होता.
मग उशीर झाला,
आणि उशीर झाला की गोष्टीला
खोटेपणाचा वास यायला लागतो.

मार्चमध्ये, सुरामीचं बर्फ गटारांतून वाहत असताना,
तो आत आला. हातोडा दाराशी टेकवला.
“बद्द वाजला.”
“कितीने?”
“सात हजार तीनशे एकतीस.”
मी आश्चर्य केलं. फार चांगलं जमलं नाही.
“आणि दुसरा?”
तो बोलेना. वही उघडीच होती,
नोव्हेंबरच्या पानावर,
नोव्हेंबरच्या शाईत.

साखर विरघळली तरी
तो चमचा फिरवत राहिला.
मग जुन्या सवयीने कपाला चमच्याने टिचकी मारली,
ऐकलं,
आणि चहा प्यायला.

दुसऱ्या रात्री तेलाची वाघीण आली.
दारात पुन्हा मिशी:
“लामारा, सात कोटी एकोणचाळीस लाख...”
मी आकडा उतरवून घेतला,
साक्षीदार तपासला,
चौकट खुंटीला टांगली
आणि पाणी उकळायला ठेवलं.